वेग कुठे गेला? गणिताच्या फॉन्टची एक तपासणी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या विज्ञान शिबिरासाठी आठवी-नववीच्या मुलांची प्रश्नपत्रिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शोधनिबंध मी विद्यार्थिदशेपासून 'लाटेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहीत आलो आहे. तेव्हा प्रश्नपत्रिकाही तिच्यातच जुळवली. शेवटचा एक प्रश्न आदल्या रात्री वाढवला, शुद्धलेखन तेवढे पुन्हा पाहिले आणि प्रती काढल्या. त्या प्रश्नात 'पुढील सूत्र वापरून उत्तर काढा' असे वाक्य होते आणि त्याखाली सूत्र होते: वेग बरोबर अंतर भागिले काळ. मी ते मराठी शब्दांतच लिहिले होते. कागदावर मात्र उमटले होते एकटे बरोबरचे चिन्ह. त्याच्या डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही.

पेपर चालू असताना एकाही मुलाने उठून विचारले नाही. बहुतेकांनी प्रश्न सोडून दिला होता. एका मुलीने मात्र उत्तर लिहिले होते: "दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणून दोन्ही बाजू समान आहेत." तिला मी पूर्ण गुण दिले. पण ज्यांनी प्रश्न सोडला त्यांच्याशी नंतर बोललो तेव्हा कळले, की चूक छापण्यात असेल असे त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते. आपल्यालाच हे शिकवलेले आठवत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. छापलेल्या कागदावर मुलांचा केवढा विश्वास असतो, हे त्या दिवशी मला नव्याने समजले.

चूक माझीच होती. पण ती करताना प्रणालीने मला अडवले नाही, टोकले नाही. उलट एक नीटनेटके, देखणे पान हाती दिले. असे का व्हावे, याचा शोध घेताना गणिताच्या फॉन्टची सारी रचनाच तपासावी लागली. त्या रचनेचे गुण आणि दोष शिक्षकांपुढे ठेवावेत, यासाठी हा लेख.

खिळ्यांचे दिवस आणि क्नुथ

गणिताची जुळणी हे छापखान्यातले सर्वांत अवघड काम मानले जाई. साधा मजकूर एका ओळीत जुळतो; समीकरण दोन दिशांना पसरते. घातांक वर चढतो, पादांक खाली उतरतो, अपूर्णांकाला वर-खाली दोन मजले लागतात आणि वर्गमूळाचे चिन्ह आतल्या राशीएवढे उंच व्हावे लागते. शिशाच्या खिळ्यांनी हे काम करणारे जुळारी पट्टीचे कारागीर असत. त्यांची मजुरीही त्याच मानाने जास्त होती.

फोटोटाइपसेटिंग आले आणि हे कारागीर मागे पडू लागले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली जुन्या मोनोटाइप पद्धतीने उत्तम छापला गेला होता. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली नव्या पद्धतीने जुळून आली, तेव्हा ती पाहून ते अस्वस्थ झाले. आपल्या ग्रंथासाठी आपणच जुळणीची आज्ञावली लिहावी असे त्यांनी ठरवले. तिचे नाव 'टेक'. अक्षरांचे आकार गणिताने रेखणारी 'मेटाफॉन्ट' ही तिची जोडीदार आणि तिच्यातून निर्माण झालेली अक्षरमाला म्हणजे 'कॉम्प्युटर मॉडर्न'. थोड्या महिन्यांचे म्हणून सुरू केलेले काम १९८६ साली पाच खंडांत पुरे झाले. टेकच्या पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेली, वापरायला सोपी प्रणाली म्हणजे लाटेक. आज जगभरातील गणित आणि भौतिकशास्त्राचे बरेचसे शोधनिबंध तिच्यात लिहिले जातात.

अक्षराचा आकार हाच अर्थ

कादंबरीचा फॉन्ट बदलला तर पानाचे रूप बदलते, गोष्ट बदलत नाही. गणितात तसे नाही. तेथे अक्षराचा आकार, जाडी आणि झुकाव हे अर्थाचेच भाग असतात.

भौतिकशास्त्रातले नेहमीचे उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार राशींची चिन्हे तिरक्या अक्षरात आणि एककांची चिन्हे उभ्या अक्षरात छापतात. तिरका 'एम' म्हणजे वस्तुमान, उभा 'एम' म्हणजे मीटर. तिरका 'जी' म्हणजे गुरुत्वत्वरण, उभा 'जी' म्हणजे ग्रॅम. झुकाव पुसला की 'किती वस्तुमान' आणि 'किती मीटर' यांतला फरकही कागदावरून पुसला जातो. ज्या मुलाला तो फरक आधीच ठाऊक आहे, त्याचे काही बिघडत नाही. जे मूल तो शिकू पाहते आहे, नेमके तेच फसते.

इंग्रजीतला 'व्ही' आणि ग्रीक 'न्यू' यांचेही असेच. एक वेगासाठी, दुसरा वारंवारतेसाठी. प्रकाशकणाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. पण फॉन्ट वाईट निवडला असेल तर विद्यार्थी तेथे वेग वाचतो. 'साइन' या फलाची तीन अक्षरे तिरकी छापली गेली, तर गणिताच्या व्याकरणाप्रमाणे तो तीन वेगवेगळ्या चलांचा गुणाकार ठरतो. आणि घातांक खाली घसरला तर २ चा पाचवा घात, म्हणजे ३२, कागदावर नुसता २५ होऊन बसतो. घाईघाईने टंकलेल्या प्रश्नपत्रिकांत हा शेवटचा प्रकार पाहिला नाही असा शिक्षक क्वचितच असेल.

म्हणून गणिताचा फॉन्ट सजावटीत मोडत नाही. तो संकेतपद्धतीचाच एक भाग आहे. क्नुथ यांच्या रचनेची परीक्षा याच कसोटीवर करायला हवी.

रचनेचे गुण

टेकमध्ये मजकूर आणि गणित या दोन स्वतंत्र अवस्था आहेत आणि दोघांचे फॉन्ट स्वतंत्रपणे ठरवले जातात. हा पहिला आणि मोठा गुण. मजकुरातला तिरका फॉन्ट शब्दांसाठी असतो. त्यात अक्षरे एकमेकांना खेटून बसतात. गणितातला तिरका फॉन्ट वेगळा रेखला आहे. त्यातली अक्षरे रुंद आहेत आणि त्यांच्यातले अंतर अधिक आहे, कारण तेथे प्रत्येक अक्षर ही एक राशी आहे. 'ऑफिस' हा सहा अक्षरी इंग्रजी शब्द गणिताच्या अवस्थेत लिहिला तर टेक त्याला सहा राशींचा गुणाकार समजते आणि तसाच सुटासुटा छापते. नवशिक्याला हा त्रास वाटतो. खरे तर यंत्राने गणिताचे व्याकरण पाळलेले असते.

दुसरा गुण आकारांचा. गणितासाठी प्रत्येक फॉन्ट तीन आकारांत लागतो: मूळ ओळीसाठी, घातांकासाठी आणि घातांकाच्या घातांकासाठी. कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये हे आकार साधारणपणे १०, ७ आणि ५ पॉइंटांचे असतात. पण ५ पॉइंटाचे अक्षर म्हणजे १० पॉइंटाचे अर्धे केलेले अक्षर नव्हे. नुसते आक्रसले असते तर त्याच्या रेघा केसासारख्या बारीक झाल्या असत्या. म्हणून ते प्रमाणाने अधिक रुंद आणि अधिक जाड रेखले आहे. साध्या शब्दसंस्करणाच्या आज्ञावलीतील घातांक फिका का दिसतो आणि चांगल्या गणिताच्या पुस्तकातला ठसठशीत का दिसतो, याचे उत्तर येथे मिळते.

तिसरा गुण सहज डोळ्यांत भरत नाही. टेकला गणित जुळवण्यासाठी अक्षरांच्या आकृत्या पुरत नाहीत, मोजमापेही लागतात. घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ किती उंचीवर ओढायची, ती किती जाड असावी, ही मापे फॉन्टमध्येच भरलेली असतात. चिन्हांच्या फॉन्टमध्ये अशी २२ आणि मोठ्या कंसांच्या फॉन्टमध्ये १३ मापे असावीच लागतात. ती नसतील तर टेक त्या फॉन्टने गणित जुळवायला नकार देते. जुन्या जुळाऱ्याच्या बोटांत असलेले ज्ञान येथे आकड्यांत उतरवले आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने २००७ च्या वर्डबरोबर 'कॅम्ब्रिया मॅथ' हा गणिताचा फॉन्ट आणला, त्यातील मापांच्या कोष्टकामागची कल्पनाही मुळात हीच आहे.

मजकूर आणि गणित यांची जोडी जमणे किती महत्त्वाचे आहे, हे स्वतः क्नुथ यांनीच एका पुस्तकातून दाखवले. प्रसिद्ध अक्षरकार हेर्मान त्साप्फ यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी 'ऑइलर' नावाची गणिताची अक्षरमाला रेखली. फळ्यावर सुंदर हस्ताक्षरात लिहिलेल्या गणितासारखी ती दिसते. १९८९ च्या 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स' या पुस्तकासाठी ती वापरायची ठरली, तेव्हा लक्षात आले की शेजारी कॉम्प्युटर मॉडर्नचा मजकूर ठेवला तर तो फिका पडतो. मग क्नुथ यांनी मजकुराचा फॉन्टच नवा तयार केला. कॉम्प्युटर मॉडर्नची अक्षरे ६२ परिमाणांनी ठरतात. ती परिमाणे बदलून त्यांनी ऑइलरच्या जाडीला शोभेल असा 'काँक्रीट रोमन' काढला. आपण सहसा मजकुराचा फॉन्ट आधी ठरवतो आणि गणिताचा विचार मागाहून करतो. येथे क्रम उलटा होता आणि ते पुस्तक आजही डोळ्यांना सुखावते.

रचनेचे दोष

इतक्या विचारपूर्वक केलेल्या रचनेत दोष कोणते? पहिला असा, की ती अर्धवट बदल निमूटपणे चालवून घेते. मजकुराला टाइम्ससारखा फॉन्ट लावण्याची सोय लाटेकमध्ये फार पूर्वी आली. त्यासाठीची जुनी, लोकप्रिय आज्ञा फक्त मजकूर बदलत असे. गणित कॉम्प्युटर मॉडर्नमध्येच राही. परिणामी वाक्यातला ५ एका वळणाचा आणि समीकरणातला ५ दुसऱ्या वळणाचा. दोन्ही बदलणारी साधने नंतर आली, पण अशी धेडगुजरी पाने आजही पाहायला मिळतात, कारण प्रणालीच्या लेखी त्यात काहीच वावगे नसते.

दुसरा दोष गंभीर आहे आणि माझ्या प्रश्नपत्रिकेत घडला तो हाच. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसेल तर टेक थांबत नाही. ते अक्षर गाळून पुढे जाते आणि 'अमुक अक्षर सापडले नाही' अशी नोंद आपल्या रोजनिशीच्या फाइलमध्ये करून ठेवते. ती फाइल कोण उघडून पाहतो? मी 'वेग', 'अंतर', 'काळ' हे शब्द गणिताच्या अवस्थेत लिहिले होते. गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नव्हती, म्हणून तिन्ही शब्द गळाले. अपूर्णांकाची रेघ तिच्या वर-खाली जे असते त्याच्या रुंदीइतकीच ओढली जाते. वर-खाली काहीच उरले नाही, तेव्हा रेघही उरली नाही. बरोबरचे चिन्ह मात्र गणिताच्या फॉन्टमध्ये होते, म्हणून ते राहिले.

आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देणाऱ्या क्नुथ यांच्या प्रणालीत असे मौन असावे, हे विचित्र वाटते. एक कंस कमी पडला तर टेक काम थांबवते आणि जाब विचारते. अख्खा शब्द गळाला तर नुसती नोंद. चुकांची ही प्रतवारी वाचकाच्या बाजूने केलेली नाही. कंस चुकला तर त्रास लिहिणाऱ्याला होतो. अक्षर गळाले तर फसतो वाचणारा. २०२१ साली प्रचलित टेक-आवृत्त्यांत अशी सोय झाली, की लेखकाने सांगून ठेवल्यास गळालेले अक्षर चूक मानून काम थांबावे. पण 'सांगून ठेवल्यास' ही अट आहेच, आणि ज्याला धोका ठाऊक नाही तो सांगणार तरी काय?

तिसरा दोष कॉम्प्युटर मॉडर्नच्या अंगकाठीचा. त्याच्या उभ्या रेघा जाड आणि जोडरेघा फार बारीक आहेत. मेटाफॉन्टमधून अक्षरे ठिपक्यांच्या रूपात काढताना प्रत्येक छपाईयंत्रासाठी ती थोडी जाड करण्याची सोय होती. आज सर्रास वापरतात त्या बाह्यरेषांच्या प्रतींत ही सोय राहिली नाही. चांगल्या कागदावर हे खपून जाते. पण आपल्या शाळांत मूळ प्रतीवरून प्रत आणि तिच्यावरून आणखी प्रत काढली जाते. तिसऱ्या प्रतीपर्यंत बारीक रेघा तुटायला लागतात आणि त्या अक्षरांतल्या असतात तशाच वजाबाकीच्या चिन्हाच्या आणि अपूर्णांकाच्याही असतात.

देवनागरीशी सांधा

मराठी मजकुरात गणित बसवताना हे सगळे दोष एकत्र येतात. एकेकाळी देवनागरीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवरच बसवलेले असत. त्यामुळे फॉन्ट बदलला की मराठीचे इंग्रजी आणि समीकरणातल्या 'एक्स'चे भलतेच देवनागरी अक्षर होई. नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ साली टेकसाठी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे तयार केली, पण मजकूर रोमन लिपीत टंकून आधी एका आज्ञावलीतून काढावा लागे. युनिकोड आणि 'झीटेक', 'लुआटेक' या नव्या आवृत्त्यांमुळे आता मराठी थेट देवनागरीत लिहिता येते. आयआयटी मुंबईतून आलेल्या 'शोभिका'सारखे मुक्त फॉन्टही उपलब्ध आहेत.

तरीही सांधा पुरता जुळलेला नाही. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी असल्याचे प्रणालीला सांगावे लागते. न सांगितल्यास जोडाक्षरे फुटू शकतात आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला पडू शकते. भाषा मराठी असल्याचेही सांगावे, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यात ते मिळतात. दोन फॉन्टची उंची जुळवण्यासाठी जी तयार सोय आहे ती इंग्रजीच्या लहान अक्षरांची उंची प्रमाण मानते. देवनागरीत लहान आणि मोठी अक्षरे असा भेदच नाही. आपली उंची शिरोरेषेने ठरते. म्हणून ती सोय येथे निरुपयोगी आहे. प्रमाण डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते. शिवाय देवनागरीच्या रेघा जाड, तेव्हा तिच्या शेजारी कॉम्प्युटर मॉडर्नचे गणित आजारी माणसासारखे दिसते. त्यापेक्षा थोड्या जाड रेघांचा गणिती फॉन्ट निवडणे चांगले.

आकड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांच्यात फरक फार थोडा. एकाच पानावर मजकुरात देवनागरी आणि समीकरणात इंग्रजी आकडे आले, तर मुलाने पाहिलेला आकार एक आहे की नऊ, हे त्याने शेजारच्या आकड्यांवरून ओळखायचे. देवनागरी आकडे थेट समीकरणात लिहावेत तर शब्दांसारखेच तेही गळू शकतात. त्यांच्यासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते. प्राथमिक वर्गांसाठी लिहिताना ती करावी. कोणतेही आकडे वापरा, पण एका प्रश्नपत्रिकेत गणितासाठी एकच मालिका असावी.

एक चाचणी-ओळ

यावर उपाय काय? टेक सोडून देणे हा खचितच नाही. इतक्या सूक्ष्मपणे गणित जुळवणारे आणि फुकट मिळणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही. उपाय अगदी साधा आहे. नवा फॉन्ट बसवला की प्रश्नपत्रिकेआधी चाचणीची एक ओळ छापून पाहावी. तिच्यात इतक्या गोष्टी असाव्यात: उभा आणि तिरका 'एम', 'व्ही' आणि 'न्यू' शेजारी शेजारी, इंग्रजी शून्य आणि 'ओ', इंग्रजी एक आणि 'एल', वाक्यातला ५ आणि समीकरणातला ५, घातांकाचा घातांक, मराठी शब्द वर-खाली असलेला एक अपूर्णांक, आणि वजाबाकीचे एक चिन्ह. ही ओळ शाळेच्याच यंत्रावर छापावी, तिची प्रत आणि प्रतीचीही प्रत काढावी आणि वर्गातल्या मागच्या बाकावरील एखाद्या मुलाला वाचायला द्यावी. तो अडखळला तर फॉन्ट बदलावा.

आणि समीकरणात मराठी शब्द हवे असतील तर 'हा मजकूर आहे' अशी खूण करून, मजकुराच्याच फॉन्टमध्ये लिहावेत. ही एक आज्ञा मी त्या रात्री दिली असती तर वेग, अंतर आणि काळ जागच्या जागी राहिले असते.

त्या शिबिरातल्या मुलांना मी पुढच्या दिवशी खरे सूत्र फळ्यावर लिहून दाखवले आणि चूक माझी होती असे सांगितले. त्यावर एका मुलाने विचारले, "सर, मग पुस्तकातही असं काही गेलेलं असेल का?" असेल, मी म्हणालो, आणि शंका आली की विचारत जा. तेव्हापासून माझी प्रत्येक प्रश्नपत्रिका छापण्याआधी मी ती रोजनिशीची फाइल उघडतो आणि 'सापडले नाही' अशी एखादी नोंद आहे का, ते शोधतो.